तारेपुरतं भोक

आमच्या घरात वाय-फायचे तीन पांढरे डबे होते आन तिन्ही बिनकामाचे. हे आज मी छातीठोक सांगते. तेव्हा मात्र सगळं घर मलाच सांगत होतं, "अम्मी, तुम्हाला त्यातलं कळत न्हाई."

मी महजबीन. वडीगोद्रीला हायवेला लागून आमचं स्टीलच्या कपाटांचं दुकान आहे. समोर दुकान, दुकानामागं गोदाम, गोदामामागं घर, आन घरावर एक खोली, ती नाजियाची. रस्त्यावरून तिच्या खोलीत जायचं तर अख्खं गोदाम ओलांडून जावं लागतं, दुसरी वाटच न्हाई. घरात आम्ही आमची उर्दू बोलतो, पण माझं माहेर कुंभार पिंपळगावचं, शाळा मराठी, मैत्रिणी मराठी. राग आला की मला मराठीच सुचते. ही गोष्ट रागातच सुरू झाली, म्हणून मराठीतच सांगते.

नाजिया माझी धाकटी. बी.कॉम. झाली आन घरी बसून पुण्याच्या एका कंपनीची नोकरी करायला लागली. डोळ्यांच्या दवाखान्यांचे फोन घ्यायचे. कुणाला मोतीबिंदूची तारीख पाहिजे, कुणाला ऑपरेशन झाल्यावर थेंब कधी टाकायचे ते विचारायचं असतं, तो फोन आमच्या पोरीच्या कानात येतो. मी जिन्यात उभी राहून ऐकत असते. "बाबा, घाबरू नका, मी आहे ना लाइनवर," ती म्हणायची, आन नेमकी तेव्हाच लाइन जायची. तिकडं कोण कुठला म्हातारा हॅलो हॅलो करत बसला असंल, आन इकडं माझी पोरगी डोकं धरून. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

ते तीन डबे आणले होते सोहेबनं, माझ्या थोरल्या लेकानं. तो पुण्याला असतो. गेल्या पावसाळ्यात आल्ता तेव्हा मोठ्या हौसेनं घेऊन आला. एक डबा दुकानात, जिथं नेटची लाइन कंपनीच्या छोट्या पेटीत येते तिथं. दुसरा गोदामात. तिसरा नाजियाच्या खोलीत. "हे तिघं एकमेकांशी बोलतात अम्मी, घरभर नेट." बोललेही बराबर, न्हाई कशाला म्हणू? दिवाळीपर्यंत एकदम झकास चाललं. मंग लग्नसराई आली आन तिघांनी जी तोंडं फिरवली, ती फिरवलीच.

नेटच्या कंपनीला कॉल केला. माणूस आला, दुकानातला डबा बघितला, "लाइन ओके आहे" म्हणून गेला. दुसरा आला, तोही तेच म्हणून गेला. सोहेब फोनवरून रोज नवी गोळी द्यायचा, "बंद करून चालू करा." केलं बाबा, इतक्यांदा केलं की बटन ढिलं झालं.

एप्रिलमध्ये नाजियाच्या वरच्या साधना मॅडमचा फोन आला. बाई वाईट न्हाई, पण तिलाही तिच्या वरचा साहेब आहे. म्हणाली, येत्या सोमवारी दिवसभर आम्ही तुझी लाइन तपासणार. तुटली तर पुण्याच्या ऑफिसात येऊन बसावं लागंल, घरून काम बंद.

नाजियाच्या अब्बांनी वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सारला आन सरळ निकाल दिला. "पुण्याला पाठवायचं न्हाई, सोहेब तिथं असला तरी दिवसभर ती एकटीच. नसंल जमत तर सोड बेटा. घरात खायला कमी आहे का?"

माणूस मायाळू आहे हो. पोरीवर जीव टाकतात. पण कुठली गोष्ट सोडायला सांगतो आपण, हे त्यांना कळतच नव्हतं. मला कळत होतं. लग्नाआधी मला पिंपळगावच्या शिवणक्लासात बाई म्हणून घेत होते. "लग्नानंतर बघू," असं सगळे म्हणाले. त्यानंतर कुणी काही बघितलं न्हाई. मला ते अजून सलतं. पोरगी नुसती मान हलवून जिना चढून गेली. मी तिथंच ठरवलं की सोमवारी ही लाइन तुटणार न्हाई. कशी, ते तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं.

पण मला एक दिवस आठवत होता. मंठ्याकडून सामुदायिक विवाहाची ऑर्डर आल्ती. आमच्याकडं लग्नात पोरीला कपाट द्यायचंच, मंग तो पाटील असो की पठाण. त्या दिवशी दोन ट्रक लागले आन गोदाम धुतल्यासारखं रिकामं झालं. मी आत झाडू मारत होते तर वरून नाजियाचा आवाज. बोलतीये, हसतीये, परत बोलतीये. एकदाही लाइन गेली न्हाई. दुसऱ्या दिवशी नवा माल भरला आन परत तेच रडगाणं.

मंग मी काय केलं, फोन हातात धरला आन गोदामाच्या मागच्या दारात उभी राहिले. आमची माणसं माल लावून राह्यली होती. एकेक कपाट आत येत गेलं आन फोनवरची एकेक काडी जात गेली. शेवटचं कपाट लागलं तेव्हा एकही काडी उरली न्हाई. मधला डबा बिचारा त्या लोखंडाच्या भिंतीत गाडला गेल्ता. आम्ही कपाटं विकणारे लोक, पिढीजात लोखंडात राहणारे, आन आम्हीच लोखंडाच्या पोटात हवेवर चालणारी वस्तू ठेवली!

"म्हणजे माझा मालच गुन्हेगार?" नाजियाचे अब्बा भडकले. "सीझनमध्ये गोदाम रिकामं ठेवू का मी?"

"मी असं कधी म्हणाले?"

"मंग काय म्हणतीस?"

"डबे बदलायचे म्हणते."

सोहेबला फोन लावला तर त्यानं नवीनच सांगितलं. याहून मोठे डबे येतात, तीनच, पण एकदम पावरफुल, मी पैसे पाठवतो. मी म्हटलं, "बेटा, दोन माणसांच्या मधी भिंत असली तर ते जोरात बोंबलले म्हणून काय होणार आहे? भिंत तर तिथंच राहणार." तो म्हणाला, "अम्मी, ते तसं नसतं." मी म्हटलं, "कसं असतं ते तू पुण्यात बसून बघ, मी अंबडला जाऊन येते."

अंबडला माझ्या बहिणीच्या लेकाचं, आमेरचं कम्प्युटरचं दुकान आहे. नाजियाची सुट्टी होती, तिला संगं घेतलं. आमेरनं चहा मागवला, पंखा आमच्याकडं वळवला आन पहिल्यांदा काचेच्या शोकेसमधून सोहेबनं सांगितलेले तेच मोठे तीन डबे काढले. सोहेबनं आधीच फोन करून ठेवला होता.

"हे न्हाई," मी म्हटलं.

"खाला, टॉपची चीज आहे."

"टॉपची आसंल. आमच्या गोदामात लोखंड आहे, त्याच्यातून जातं का बोल."

आमेरनं डोकं खाजवलं. "लोखंडातून कुणाचंच जात न्हाई, खाला."

"मंग कशाला दाखवतो?"

नाजियानं माझा हात दाबला. दुसरं त्यानं काढलं ते प्लगमध्ये खोचायचं एक छोटं यंत्र. नाजियाच म्हणाली, तेही हवेतूनच घेतं, त्याच्यापर्यंतच नेट पोचणार न्हाई तर ते पुढं काय देणार. तिसरा निघाला सिमकार्डवर चालणारा डबा. तो बरा वाटला मला, तारेची भानगड न्हाई. पण नाजिया म्हणाली, "अम्मी, बाजाराच्या दिवशी आपल्याकडं साधा फोन लागत न्हाई." पोरगी बराबर बोलली. बाजाराला आसपासची सगळी गावं येतात, एका टॉवरवर सगळ्यांचे फोन. मॅडमचा सोमवार आन आमचा बाजार सांभाळत कोण बसणार?

"मंग एकच राह्यलं," आमेर म्हणाला. "दुकानातल्या लाइनपासून नाजियाच्या खोलीपर्यंत सरळ तार ओढायची. वर एक साधा राऊटर लावायचा. हवा फक्त खोलीपुरती. खर्चा पण कमी."

"हे आधी का न्हाई सांगितलं?"

"तार म्हटलं तर तुम्हाला जुन्या जमान्यातलं वाटंल, म्हणून."

काय म्हणावं याला! आमच्या बापजाद्यांनी विहिरीचं पाणी शेताला पाइपानंच नेलं. बादल्या एकमेकांकडं फेकत कुणी नेलं न्हाई.

राऊटरचे दोन नमुने त्यानं समोर ठेवले. एकाला इतक्या काड्या की उलटा पडलेला खेकडा. दुसरा साधा, गरीब तोंडाचा. मी नाजियाकडं बघितलं. ही खरेदी तिची होती, मी फक्त भांडायला आल्ते. तिनं खेकडा बाजूला सारला. साध्याच्या मागच्या भोकांकडं बघून आमेरला दोन प्रश्न विचारले, दोन्ही बँड चालतात का, गिगाबिट आहे का. तो हो म्हणाला तरी तिनं खोक्यावर वाचून खात्री केली. "एका खोलीला हाच बास," म्हणाली. तिचा आवाज अगदी फोनवरच्या म्हाताऱ्या बाबांशी बोलते तसा, ठाम. मला इतकं बरं वाटलं की मी चहाचा दुसरा कप मागितला.

तारेचं मात्र मी बघितलं. आमेरनं एक गुंडाळी काढली, म्हणाला प्युअर तांबं. मी पर्समधली सुरी काढली. आमेर दचकलाच.

"खाला, काय करताय?"

"कूलरची मोटर घेताना काय करतो तेच."

आमच्या दुकानात कूलरही विकतात. मोटरची वायंडिंग तांब्याची म्हणून वरून लाल दाखवतात आन खरवडलं की आत पांढरं ॲल्युमिनियम. अशा मोटरा मी कितीतरी परत पाठवल्यात. तारेचं टोक सोललं, खरवडलं, तर आत पांढरं. मी ते टोक त्याच्यासमोर धरलं. आमेरचे कान लाल झाले. "मलाही प्युअर म्हणूनच दिली, खुदा कसम," असं पुटपुटत तो आतून दुसरी गुंडाळी घेऊन आला. ती खरवडली तर आतपर्यंत लाल. मंग मी त्याच्या तोंडावरून हात फिरवला, पोरगा वाईट न्हाई. लाइट गेली तरी नेट चालावं म्हणून दोन छोट्या बॅटऱ्या पण घेतल्या, एक खाली कंपनीच्या पेटीला, एक वर राऊटरला, आन आम्ही जीपमध्ये बसलो.

खरी लढाई घरीच होती.

नाजियाच्या अब्बांनी तारेची गुंडाळी हातात तोलून बघितली. "गोदामातून न्यायची? माणसं कपाटं ओढतात, दोन दिवसांत तुटंल."

"मागच्या भिंतीवरून, वरून न्या."

"मागच्या भिंतीला नाजियाचं कपाट आहे."

बराबर, होतं. पोरगी दहावीला होती तेव्हा त्यांनी ते बनवलं होतं. जाड पत्रा, मलईचा रंग, आरशावर मोर. स्वतःच्या हातानं, कारागिरांना हात लावू दिला नव्हता. तिच्या लग्नात द्यायचं म्हणून. दर सीझनला अख्खं गोदाम भरायचं, रिकामं व्हायचं, पण ते कपाट चादर पांघरून जागेवर. गिऱ्हाइकानं विचारलं तर म्हणायचे, "ते विकलं गेलंय." आन ते नेमकं त्या कोपऱ्यात होतं, जिथून तार भिंतीतून घरात घ्यायची.

"सरकवा थोडं," मी म्हटलं.

"ते हलवायचं न्हाई."

"का?"

"न्हाई म्हटलं ना. ओढाओढीत रंग जातो. हलंल ते एकदाच, सासरी जाताना."

मी आधीच उन्हात जाऊन आल्ते, त्यात हे. माझं टाळकं सरकलं. "अहो, पोरीच्या लग्नाचं कपाट पोरीच्या नोकरीच्या आड उभं आहे, एवढं तरी दिसतंय का तुम्हाला? लग्न अजून ठरलं न्हाई, पोरगा कोण ते ठाऊक न्हाई, त्याच्यासाठी कपाटाचा रंग जपताय. नोकरी तर आज आहे, तिच्या हातात आहे, आन ती तुम्ही सोड म्हणताय! मलाही असंच सांगितलं होतं. मी सोडलं. आता हिला सोडू देणार न्हाई मी, सांगून ठेवते."

इतकं मी त्यांना कधी बोलले नव्हते.  त्यांनी चष्मा खाली ओढला आन दुकानात निघून गेले. नाजिया जिन्यात उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. मी तिला म्हटलं, "रडायचं न्हाई. पीठ मळ." आन मीच रडले.

दुसरा दिवस रविवार. सकाळी चहा ठेवत होते तर गोदामातून ग्राइंडरचा आवाज. दुकान उघडायला अजून वेळ होता. जाऊन बघितलं तर कपाट जागेवर न्हाई. चादर घडी करून बाजूला, आन नाजियाचे अब्बा शिडीवर. कपाटात साड्या टांगायचा जो नळीचा दांडा असतो ना, तसे दांडे त्यांनी एकाला एक जोडले होते आन छतालगत लावून राह्यले होते. त्या नळीतून तार.

"उघडी तार ठेवायची न्हाई," माझ्याकडं न बघता म्हणाले. "कापली गेली तर पोरगी काय करंल?"

मी जाऊन खालून शिडी धरली. 

"कपाट कुठं गेलं?" मी विचारलं.

"जिन्यात अडकलंय. माणसं आली की वर न्यायचं."

"वर कुठं?"

"नाजियाच्या खोलीत. दुसरं कुठं?"

ते कपाट वर चढवताना जिन्याच्या वळणावर एका बाजूचा रंग गेलाच. मी डोळे मिटून घेतले. त्यांनी बोटानं ती जागा पुसली, एवढंच. खोलीत कपाट लागलं. मंग त्यांनी ड्रिल काढली आन आपल्या हातानं बनवलेल्या, इतकी वर्षं धूळ बसू न दिलेल्या त्या कपाटाच्या माथ्याला, मागच्या कोपऱ्यात, एक भोक पाडलं.

"अब्बा!" नाजिया ओरडली. "कपाटाला भोक?"

"बॅटरी आत राहील, लॅपटॉप आत राहील, कुलूप लागंल. राऊटर वर मोकळा पाहिजे ना? मंग त्याची तार वर कुठून येणार?" भोकाच्या कडेला त्यांनी रबराची कडी बसवली, तारेला पत्रा लागू नये म्हणून. मंग किल्ली तिच्या हातात दिली. "तुझं ऑफिसचं कपाट आहे हे आता. लग्न होईल तेव्हा येईल तुझ्यासंगं, भोकासकट. ज्याला भोक चालत न्हाई, त्याच्या घरी तुला पण द्यायचं न्हाई."

पोरगी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. त्यांच्या शर्टाला लोखंडाचा भुसा होता, तो तिच्या गालाला लागला.

बाकीचं तिनंच केलं. फोनवर बघून बघून राऊटरला काय सांगायचं ते सांगितलं. जुने तीन डबे काढून मी खोक्यात भरले आन सोहेबला पाठवून दिले. त्याच्या फ्लॅटमध्ये ते मस्त चालतात म्हणे. चालणारच, तिथं नुसत्या भिंती आहेत. त्यांच्यावर माझा काही राग न्हाई.

सोमवारी नाजिया कानाला हेडफोन लावून बसली. गोदाम गच्च भरलेलं, आम्ही मुद्दाम एकही कपाट हलवलं न्हाई. मी जिन्यात. फोन येत गेले. "हां दादी, बोला. न्हाई, डोळ्याला पाणी लावायचं न्हाई. सावकाश लिहून घ्या, मी थांबते." म्हातारी लिहून घेत होती आन पोरगी थांबत होती. लाइनही टिकून राह्यली. दुपारी लाइट गेली, पण वर बोलणं चालूच.

मंग माझ्या ध्यानात आलं की खालून काहीच आवाज न्हाई. आमच्या दुकानातला हातोडा आन ग्राइंडर फक्त अजानीला थांबतात, न्हाई तर ईदला. मी खाली गेले तर लाइट कधीच आली होती, सगळे कारागीर कपाटांना टेकून बसलेले, आन नाजियाचे अब्बा दारात खुर्ची टाकून, येणाऱ्या गिऱ्हाइकाला ओठावर बोट ठेवून सांगत होते, "हळू बोला. वर ऑफिस चालू आहे."

संध्याकाळी साधना मॅडमचा निरोप आला, लाइन पक्की, घरूनच काम करा. मी शिरा केला आन कारागिरांनाही दिला.

पुढच्या आठवड्यात घनसावंगीकडचे रखमाजी म्हणून एक गृहस्थ आले, लेकीच्या लग्नासाठी कपाट बघायला. आरसा बघितला, कुलूप बघितलं, पत्रा ठोकून बघितला. सगळं पसंत पडलं. मी गल्ल्यावर होते.

"मागच्या कोपऱ्यात तारेपुरतं भोक पाडून देऊ का?" नाजियाच्या अब्बांनी विचारलं.

रखमाजी बुचकळ्यात पडले. "नव्या कपाटाला भोक? कशाला हो?"

"पोरगी काम करत असंल तर लागंल."

"न्हाई, ती काही काम करत न्हाई अजून."

"अजून न्हाई ना?" हे म्हणाले आन ड्रिलला हात घातला. "मंग पाडूनच देतो."